व्हीपीएन म्हणजे अमानत. ती कोणाकडे सोपवायची?

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेटही बंद झाले. त्या दिवसांत मला आलेल्या बहुतेक फोनवर एकच प्रश्न होता: "भाई, कुठलं व्हीपीएन टाकलं की नेट चालेल?" कुठलेच नाही. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटच्या आतून जाणारी झाकलेली नळी. नळालाच पाणी नसेल तर नळी काय करणार? तरीही नेट परत येताच त्याच पोरांनी "पुढच्या वेळेसाठी" म्हणून प्ले स्टोअरवर दिसेल ते फुकट व्हीपीएन उतरवून घेतले. मला काळजी वाटते ती याची.

एरवी आपण कोणत्या साइटवर जातो हे सिमकार्डच्या कंपनीला कळू शकते. व्हीपीएन लावले की तिला ते दिसत नाही, पण व्हीपीएनवाल्याला दिसू शकते. म्हणजे विश्वास ठेवणे काही टळत नाही, फक्त माणूस बदलतो. आपल्या भाषेत सांगायचे तर ही अमानत आहे, आणि अमानत ठेवताना आपण माणूस पारखतो.

फेसबुकने ओनावो नावाची कंपनी घेतली होती. तिचे फुकट व्हीपीएन संरक्षणाच्या नावाखाली लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकला पुरवत असे. २०१८ मध्ये ॲपलने ते आपल्या स्टोअरवरून काढायला लावले. २०१६ मध्ये संशोधकांनी अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन ॲप तपासले. त्यातल्या १८ टक्के ॲपमध्ये माहिती झाकलीच जात नव्हती, आणि ७५ टक्क्यांत वापरणाऱ्याचा माग ठेवणारे बाहेरचे कोड होते.

सरकारी बाजूही माहीत हवी. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, फोन नंबर, वापराचे कारण आणि दिलेला आयपी पाच वर्षे जपून ठेवावा. एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर हलवले. साधारणपणे व्हीपीएन वापरणे आपल्याकडे गुन्हा नाही. मात्र जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी बंदी घातली आहे. तिकडे जाणाऱ्याने चौकशी करून जावे.

मग घ्यायचे कोणते? देण्यासारखे काही हातात ठेवतच नाही, असे. स्वीडनचे मुलवाड नाव-ईमेल न विचारता नुसता खाते क्रमांक देते. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस वॉरंट घेऊन त्यांच्या कार्यालयात गेले आणि ग्राहकांची माहितीच नसल्याने रिकाम्या हाती परतले. महिन्याला ५ युरो, म्हणजे साधारण पाचशे रुपये. बीडच्या खिशाला हे जड आहे, मान्य. म्हणून घरच्यांसाठी मी स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनचा फुकट प्लॅन सुचवतो. त्यात डेटाची मर्यादा नाही, जाहिराती नाहीत, कोड सर्वांसाठी खुला आहे आणि त्याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी होते. एका वेळी एकच फोन चालतो आणि देश निवडता येत नाही, पण एक बटण दाबले की काम झाले. अम्मीलाही जमले. बँकेचे ॲप अडले तर तेवढ्यापुरते बंद करावे.

आणि एवढे करूनही एक दार उघडे राहते. नोव्हेंबर २०२० मध्ये बातमी आली की नमाजच्या वेळा सांगणाऱ्या मुस्लिम प्रो ॲपमधून लोकांचे ठिकाण एक्स-मोड या कंपनीकडे जात होते, आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. बोंबाबोंब झाल्यावर ॲपने तो संबंध तोडला. हे व्हीपीएनने अडत नाही, कारण ठिकाणाची परवानगी आपणच दिलेली असते. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढा आणि नमाजच्या ॲपमध्ये शहर म्हणून हाताने "बीड" निवडा. फजरची वेळ तेवढ्यावरही बरोबर येते.