घाट उतरण्याआधी

गेल्या गणपतीत कऱ्हाडहून चिपळूणला निघालो होतो. गाडीत आई, पत्नी, दोन मुले आणि टपावर सामान. कुंभार्ली घाट उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून मी, वडिलांच्या स्कूटरपासूनच्या सवयीने, गाडी न्यूट्रलवर सोडली होती. "अरे, काहीतरी करपतंय," मागून आई म्हणाली. मी हसण्यावारी नेले. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात बोट जावे तसे खाली गेले. दुसरा गिअर, हँडब्रेक, आणि डोंगराच्या अंगाला गाडी कशीबशी थांबली. कुणीच काही बोलले नाही. आईने पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली.

तासाभराने पेडल पुन्हा घट्ट लागू लागले! मग पहिल्या गिअरवर रांगत खाली आलो. चिपळूणच्या मेस्त्रींनी एकच विचारले, "साहेब, ब्रेक ऑइल कधी बदललंत?" मला आठवेना. ऑइल बदलतात ते इंजिनचे, एवढेच माझे ज्ञान.

या ब्रेक ऑइलला हवेतला ओलावा ओढून घेण्याची खोड असते, आणि आपली हवा तर कोकणची. 'डॉट ३' प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. घाटात सतत ब्रेक दाबून चाके तापतात, ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. गार झाले की सारे पूर्ववत, आणि आपण म्हणतो, "काही नव्हतं हो, उगाच घाबरलो."

घरी येऊन गाडीचे पुस्तक प्रथमच उघडले. शेवटी बारीक अक्षरांत 'खडतर वापरा'साठी वेगळे वेळापत्रक होते. मला वाटले, लडाखबिडाख असेल. तर धूळ, चढउतार, जास्त वजन, थांबत-थांबत चालणारी वाहतूक आणि छोट्या फेऱ्या! म्हणजे आमचा सोमवार ते रविवार. मुलांना दोन किलोमीटरवरच्या शाळेत सोडताना इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे त्याच्या ऑइलमधले पाणी आणि न जळलेले पेट्रोल उडून जात नाही. आणि आम्ही मात्र "गाडी फारशी चालत नाही" म्हणून सर्व्हिसिंग पुढे ढकलत होतो.

माझी तक्रार आहे ती इथे. सर्व्हिसिंगच्या काउंटरवर मला पॉलिश हवे का, सुगंध हवा का, हे दरवेळी विचारतात. गाडी कुठे चालवता, हे एकदाही विचारले नाही. पहिला प्रश्न तोच हवा, आणि ते बारीक अक्षरांतले पान मराठीत, पुस्तकाच्या सुरुवातीला हवे. न्यूट्रलचे माझे खूळ मात्र माझेच. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत उतारावर गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बहुधा बंदच होते. न्यूट्रलमध्येच ते जळत राहते.

ब्रेक ऑइल बदलले. दिवाळीत त्याच रस्त्याने गेलो. हेळवाक मागे पडले तशी मागून आई म्हणाली, "कितव्या गिअरवर आहेस रे?"