राज्यपालपत्नींचे मानाचे आसन

राज्यपालांच्या सौभाग्यवतींच्या हस्ते उद्घाटन, त्यांच्याच हस्ते पारितोषिक-वितरण, त्यांची रुग्णालयास भेट, अशी वृत्ते कोणत्याही राज्यात वाचावयास मिळतात आणि 'राज्याच्या प्रथम महिला' ही उपाधी त्यांत हटकून असते. उपाधी अमेरिकेची आहे. आमच्या राज्यघटनेत ती शोधू गेल्यास सापडावयाची नाही. घटनेस राज्यपाल ठाऊक आहेत, राज्यपालपत्नी ठाऊक नाही. राज्यपालांचे वेतन व सवलती ठरविणाऱ्या 1982 च्या कायद्यात ती 'कुटुंबीय' म्हणून येते, तीही काही सोयींपुरतीच. मग हे मानाचे आसन आले कोठून?

ते आले इंग्रज गव्हर्नरांच्या बंगल्यांतून. मुंबई इलाख्याचाच इतिहास पाहावा. लॉर्ड फॉकलंड 1848 ते 1853 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. सातारचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तल्यावर त्याच काळात दत्तक नामंजूर करून सातारचे राज्य खालसा झाले. लेडी फॉकलंड यांनी आपल्या हिंदुस्थानातील वास्तव्याच्या आठवणी 'चाऊ-चाऊ' या नावाने 1857 साली प्रसिद्ध केल्या. महाबळेश्वरचे डोंगर आणि रानफुले त्यांनी मोठ्या रसिकतेने वर्णिली आहेत. बाईंची दृष्टी चांगली होती. पण ती आसनावरून जेवढे दिसते तेवढेच पाहणारी होती.

सर जेम्स फर्ग्युसन यांच्या कारकीर्दीत (1880-85) लेडी फर्ग्युसन पटकीने मृत्यू पावल्या. गव्हर्नरांचा वाडा तेव्हा परळास होता. एका स्त्रीचे परमुलखात असे मरण ओढवावे, याची हळहळ कोणासही वाटेल. या घटनेनंतर परळचा वाडा मागे पडून मलबार हिलच्या टोकाचा बंगला गव्हर्नरांचे कायमचे निवासस्थान झाला. परळच्या चाळींतून पटकीने मरणाऱ्या गिरणी कामगारांस मात्र असे टोक उपलब्ध नव्हते! त्या रिकाम्या वाड्यात 1899 साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली, ही गोष्ट त्या वाड्याच्या पदरी पुण्य म्हणून जमा करावी लागेल.

आमच्या मते या साऱ्या इतिहासात मोलाची कामगिरी केली ती गव्हर्नरांच्या पत्नीने नव्हे, कन्येने. सर बार्टल फ्रिअर 1865-66 च्या सुमारास दक्षिणेत दौऱ्यावर निघाले तेव्हा छावणीत स्त्री अशी त्यांची कन्या मेरी हीच होती. यजमानीणपण तिच्याकडेच आले. हा दौरा 'दक्षिण मराठा प्रदेशा'तील होता. बेळगाव ज्यात येते त्या मुलखास इंग्रजांच्या कागदांत हेच नाव होते, हे आम्ही जाता जाता नमूद करून ठेवतो. एकटेपणा घालविण्यासाठी मेरीने आपल्या आयेस गोष्टी सांगावयास लावले. आयेचे नाव ॲना लिबेराता डिसोझा. तिचे आजोबा लिंगायत घराण्यातील. गोव्याच्या परिसरात येऊन ते ख्रिस्ती झाले होते. पती वारल्यावर ॲनाने आयेची नोकरी धरली. तिने आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीने लिहून घेतल्या आणि 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक 1868 साली लंडनमध्ये निघाले. विशेष हे की, आरंभी ॲनाची स्वतःची कहाणीही तिच्याच तोंडून दिलेली आहे. चाकरी करणाऱ्या बाईचे नाव आणि वृत्तांत पुस्तकात छापण्याची बुद्धी त्या काळी किती साहेबांस झाली?

लेडी विलिंग्डन यांच्याविषयी फार लिहीत नाही. पहिल्या महायुद्धात युद्धनिधीच्या कामी इलाख्यातील स्त्रियांस त्यांनी गोळा केले. आणि 10 जून 1918 रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत स्वराज्याचा शब्द काढताच लोकमान्यांस त्यांच्या पतीने थांबविले. लोकमान्य सभा सोडून गेले.

स्वराज्य आले, आसन तसेच राहिले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात घातले गेले तेव्हा त्या राज्याचे राज्यपालपद म्हैसूरच्या महाराजांकडेच होते. राज्यपालपत्नी म्हणजे साक्षात महाराणी! उलट, सरोजिनी नायडू 1947 साली संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झाल्या तेव्हा हैदराबादचे डॉ. गोविंदराजुलू नायडू यांस 'राज्याचे प्रथम पुरुष' म्हणण्याचे कोणास सुचले नाही. प्रथम पुरुष व्याकरणातच राहिला. विजयालक्ष्मी पंडित 1962 साली महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. वैधव्यात मालमत्तेच्या कायद्याने स्त्रीची काय गत होते हे त्यांनी स्वतः सोसले होते. पत्नी म्हणून मिळालेला मान आणि स्वतःच्या अधिकाराने मिळालेले पद यांतील अंतर त्यांच्याइतके कोणास कळणार?

अधिकार नाही म्हणून या आसनावर बसणाऱ्या स्त्रीस कोणी जाब विचारू शकत नाही. परंतु राज्यपालांच्या जेवणाच्या मेजावर तिचा शब्द ऐकला जातो, हेही खरे. सीमाभागातील आमच्या भगिनींनी निवेदने दिली, मोर्चे काढले, तुरुंग पाहिले. बेंगळुरूच्या राज्यपाल-निवासातील गृहस्वामिनीकडे आमचे एवढेच मागणे आहे की, त्यांनी एक दुपार बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बायांसाठी राखून ठेवावी. मुलांच्या शाळेत आणि कचेरीतील कागदांत मराठीचे काय होते, ते त्या बाया आपल्या भाषेत सांगतील. पुष्पगुच्छ नको, फीत-कात्री नको. फक्त मराठी जाणणारा दुभाषी जवळ बसवावा.