तारेची इयत्ता

भिंतीला रंग कोणता द्यायचा याची चर्चा आपल्याकडे महिना महिना चालते. पण त्याच भिंतीच्या पोटात जी तार पुरायची, तिचा निर्णय मात्र आपण मिस्त्री आणि दुकानदार यांच्यावर सोपवून मोकळे होतो. रंग चार वर्षांनी पालटता येतो. तार पालटायची तर बहुधा भिंतच फोडावी लागते.

ही तार म्हणजे इंटरनेट घरभर नेणारी इथरनेटची तांब्याची केबल. तिच्या अंगावर ‘कॅट’ असे छापलेले असते. मांजराशी तिचे काही नाते नाही. कॅट म्हणजे कॅटेगरी. आम्हां मास्तरांच्या भाषेत इयत्ता! पाचवी-ई, सहावी, सहावी-ए, सातवी, आठवी अशी ही शाळा. दुकानदार म्हणतो, “साहेब, आठवीच घ्या,” आणि आपण पालकांच्या स्वभावाला अनुसरून आठवीच घेतो.

आत पाहावे तर आठ बारीक तारा, दोन दोन मिळून चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. ही पिळाची युक्ती टेलिफोनवाल्या बेलसाहेबांची. १८८१ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच आदळतो, पलीकडचे यंत्र फक्त दोहोंतला फरक वाचते, आणि गोंगाट वजा होतो. शिवाय चारी जोड्यांचा पीळ निरनिराळा, म्हणजे चाळीतल्यासारखे एका बिऱ्हाडाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी पडत नाही. वरच्या इयत्तेत पीळ आणि आडपडदा यांची शिस्त अधिक कडक, एवढेच.

पाचवी-ई शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट बिनतक्रार नेते. सहावी तेवढेच नेते, आणि अंतर पंचावन्न मीटरच्या आत असेल तर दहासुद्धा. सहावी-ए दहा गिगाबिट पुरे शंभर मीटर नेते, पण अंगाने जाड. अरुंद नळीतून वळता वळत नाही. कचेरीला ती शोभते. सातवीला अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने कधी मान्यताच दिली नाही. आठवी चाळीस गिगाबिट नेते खरी, पण तीस मीटरांत दमते. तिचा जन्म संगणकांच्या कोठारांसाठी. दोन-तीन खोल्यांच्या घराला सहावी पुष्कळ झाली.

खरा घात इयत्तेत नसतो, धातूत असतो. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी फंडाच्या पैशांतून घर नवे केले. मुलगी घरी बसून नोकरी करणारी, तिच्यासाठी मुद्दाम ‘सहावी’ घातली. चार महिन्यांत मुलीच्या मीटिंगा मध्येच तुटू लागल्या. कारागिराने तारेचे टोक पात्याने खरवडले, तर आत पांढरे! ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. असली तार विजेला अडवते अधिक, आणि टोकाशी चटकन मोडते. एक जरी मोडली तरी हजार मेगाबिटांचे शंभर होतात. कॅमेऱ्याला याच तारेतून वीज दिली तर ती तापतेही. कोणत्याही इयत्तेच्या नियमांत हा मुलामा बसत नाही, पण खोक्यावर इयत्ता छापायला कोण अडवतो? तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी तार दुकानातच खरवडून बघा. खोके संशयास्पद हलके लागले, तर खरवडण्याचेही कष्ट नकोत.

त्या गृहस्थांनी पुन्हा भिंत फोडली नाही. अस्सल तांब्याची नवी तार दाराच्या चौकटीवरून उघडीच नेली आहे, आणि दिवाळीसाठी त्यांच्या पत्नीने तिच्यावर झेंडूचे तोरण सोडले आहे.