आता चौथा नको!

आमच्या घरी कुत्रा म्हणजे कारवानीच. गाव जत तालुक्यातलं. पलीकडे कर्नाटकात मुधोळ, तिथे याच कुत्र्यांना मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली ते टपाल तिकिटावर झळकले, २०१६ साली लष्कराने पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. आम्हाला काय कौतुक!

पहिला आजोबांचा राजा, मग वाघ्या, मग सोन्या. तिघांचंही तोंड लांबुळकं, पोट पाठीला गेलेलं. पाहुण्यांना वाटायचं, यांचा कुत्रा म्हाताराच होत नाही. पण राजा आजोबांशिवाय कुणाच्या हातचं खायचा नाही आणि वाघ्या तर अख्ख्या गल्लीतल्या भाकऱ्या चोरायचा. सोन्या गेला तेव्हा माझी सबमिशन्स चालू होती. आईने तीन दिवसांनी फोनवर सांगितलं. तो राग अजून आहे.

आता धाकटा म्हणतो, चौथा आणू. माझं मत, नको. दुःखामुळे नव्हे. रान विकलं, तिथे प्लॉट पडले, आम्ही सांगलीत दोन खोल्यांत आलो. दोस्तहो, हे कुत्रं नजरेने सावज हेरून सुसाट सुटणारं. त्याला बाल्कनीत बांधायचं म्हणजे गाडी स्टँडवर लावून ॲक्सिलरेटर पिळत बसायचं. "मी रोज पहाटे पळवीन," म्हणे! हा गडी आठला उठतो.

अण्णा अजून काही बोललेले नाहीत. पण परवा घरी गेलो तर सोन्याचा चामडी पट्टा खिळ्याला दिसला, ताजं तेल लावलेला.