बुधवारचा डोंगर

माउंट वॉचूसेटला डोंगर म्हणायचं तर मन थोडं मोठं करावं लागतं. शिखराची उंची समुद्रसपाटीपासून २००६ फूट. आपली पर्वती २१०० फूट. (पुणंच मुळात उंचावर वसलंय, त्यामुळे ही तुलना जरा लबाडीची, पण पुणेकराला एवढी सूट असावी.) तरी मॅसॅच्युसेट्समध्ये कनेक्टिकट नदीच्या पूर्वेला याहून उंच काही नाही, आणि बोस्टनहून गाडीनं तासाभरात पोचता येतं. त्यामुळे स्कीइंग म्हटलं की आमचा हाच. शनिवार-रविवारी लिफ्टच्या रांगेत मुंगीला शिरायला जागा नसते, म्हणून मी बुधवारी जाते.

बुधवारी सकाळी पार्किंगमध्ये भेटतात ते बहुतेक निवृत्त लोक. गाडीचं मागचं दार उघडून, तिथंच टेकून बूट चढवत बसलेले. स्कीचे बूट ज्यानं शोधले, त्याच्या हिशेबात माणसानं चालणं बसतच नसावं. घोटा जराही हलू नये अशी त्या प्लास्टिकची रचना. बकला आवळून झाल्या की सत्तरीतले आजोबा आणि मी सारखेच लटपटत लिफ्टकडे निघतो. खुर्चीत शेजारी कोण बसलंय ते हेल्मेट आणि गॉगलमुळे कळत नाही. त्यानं बोलणं उलट सोपं होतं. विषय एकच: काल रात्री किती थंडी होती?

तो विषय रिकामटेकडा नाही. इथला बर्फ बराचसा घरीच बनवलेला असतो. आभाळावर विसंबून राहिलं तर हंगाम कधी सुरू झाला नि कधी आटोपला ते कळायचंही नाही. उताराच्या कडेनं पाण्याचे आणि दाबलेल्या हवेचे पाइप टाकलेले आहेत. पारा उतरला की स्नो गन सुरू होतात. पाण्याचा बारीक फवारा जमिनीवर पडेपर्यंत गोठला पाहिजे, एवढंच गणित. हवा दमट असेल तर उणे दोन-तीन सेल्सिअस तरी लागतं, कोरडी असेल तर शून्याच्या आसपासही काम भागतं. ही युक्ती याच टापूतली. शेजारच्या कनेक्टिकटमध्ये १९४०च्या दशकाच्या अखेरीस बर्फाचा दुष्काळ पडला, तेव्हा मोहॉक माउंटनच्या मालकानं ट्रक भरभरून बर्फाच्या लाद्या आणल्या आणि फोडून उतारावर पसरल्या. त्याच राज्यात स्की बनवणाऱ्या एका कंपनीचा माल बर्फाअभावी पडून होता. तिथल्या तिघांनी १९५०मध्ये रंग फवारायच्या कॉम्प्रेसरला बागेतली नळी जोडली आणि बर्फ पाडून दाखवला. धंदा बसला की डोकं चालतं, हे काही फक्त मारवाडी पेठेतलं शहाणपण नव्हे.

यंत्राच्या बर्फाला सहा पाकळ्या नसतात. तो बारीक गोळ्यांचा, जड आणि म्हणून टिकाऊ. रात्री गाडी फिरवून त्यावर बारीक रेघा पाडतात. सकाळी पहिल्या फेरीत त्या रेघांवरून जाताना पायाखाली अखंड घरघर होते. पण न्यू इंग्लंडमध्ये जानेवारीतही पाऊस पडतो, आणि पावसानंतर पुन्हा गोठलं की उताराची काच होते. इथली माणसं ‘आज जरा कडक आहे’ म्हणाली की समजावं, वाकून पाहिलं तर तोंड दिसेल.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाची इथं वेगळीच पंचाईत. डोंगर चढून कमवायचा असतो, हे आमच्या हाडीमाशी मुरलेलं. इथं खुर्चीत बसून वर जायचं, हेच आधी पटत नाही. शिवाय राजगड उतरताना पाय शिकलेले असतात की घसरणीवर अंग मागे टाकावं. स्कीवर तीच सवय अंगाशी येते. मागे रेललं की स्कीच्या टोकांवरचं वजन जातं आणि वळणं हातचं सुटतं. नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची, छाती उताराकडे द्यायची, भार दरीकडच्या पायावर टाकायचा. म्हणजे भीती जिकडे आहे तिकडेच झुकायचं. माझ्या नेहमीच्या वाटेवर सावलीतला एक पट्टा दुपारपर्यंत काचेसारखाच राहतो. तिथं स्कीची कड रुतली तर बारीक चर्र असा आवाज येतो. नाही रुतली तर आवाजच येत नाही आणि बाई थेट झाडांकडे निघते. बुधवारी मागून कुणी येत नसतं, त्यामुळे त्या एका वळणासाठी पुन्हा पुन्हा वर जाता येतं. रविवारी एवढी चैन कुणाला परवडणार?

आमच्या मंडळातले बरेच जण वर्षातून एकदा कोलोरॅडोला जातात आणि वॉचूसेटला नाक मुरडतात. त्यांचंही खरंच आहे. हिरवा, निळा, काळा ही उतारांची प्रतवारी ज्या त्या डोंगरापुरती असते. इथला काळा तिकडे गेला तर निळ्यात जमा व्हायचा. पण वर्षातून एकदा एवढे पैसे मोजून जाणारा माणूस पडायला तयार नसतो, फोटो काढायला तयार असतो. वळायला शिकायचं तर घराजवळचा, स्वस्तातला, कंटाळा येईपर्यंत खालीवर करता येणारा हजार फुटांचा उतारच हवा, असं माझं ठाम मत आहे. वरून स्वच्छ दिवशी एका बाजूला बोस्टनच्या इमारती आणि दुसरीकडे न्यू हॅम्पशरचा मोनॅडनॉक दिसतो, तो वरकड नफा.

दुपारी डब्यातली पोळी-भाजी, थर्मासचा चहा. लॉजमध्ये कुणी काही म्हणत नाही, सगळ्यांचेच डबे असतात. तीननंतर शाळांच्या पिवळ्या बस येतात आणि राज्य बदलतं. आठ-नऊ वर्षांची पोरं, हातात काठ्या नाहीत, वळण्याचा विचार नाही, नाकासमोर सरळ खाली. त्यांचे मास्तर मागून ‘पिझ्झा, पिझ्झा!’ ओरडत असतात, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणून वेग कमी करा. एकही कार्टं ऐकत नाही. तेवढ्यात बकला सोडून गाडी गाठलेली बरी.