रकान्याला नाव कोण देतो?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

शाळेचा दाखला, रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, पीकविमा, परीक्षा, नोकरी! जन्मापासून मरणापर्यंत माणसाला अर्ज काही सुटत नाही. पूर्वी हे अर्ज कागदावर असत. रकाना आपल्याला लागू नसला तर त्यावर आडवी रेघ मारता येई, समासात दोन शब्द जास्त लिहिता येत, आणि टेबलामागचा कारकून भला असला तर "राहू द्या" असेही म्हणे. आता अर्ज संगणकावर आले. संगणकाला समास नाही. चौकोन रिकामा राहिला की लाल अक्षरे उमटतात आणि गाडी तिथेच थांबते.

ही लाल अक्षरे मी प्रथम पाहिली ती बारावीनंतर, आमच्या तालुक्याच्या गावातील एका केंद्रावर. आई मजुरीचा खाडा करून माझ्याबरोबर आली होती. मी तिसरीत असताना वडील घर सोडून गेले, ते परत आले नाहीत. फॉर्ममध्ये 'वडिलांचे वार्षिक उत्पन्न' असा रकाना होता. आम्ही तो मोकळा ठेवला. लगेच इंग्रजीत वाक्य उमटले, "द फादर ॲन्युअल इन्कम फील्ड इज रिक्वायर्ड." केंद्रावरचे दादा म्हणाले, "मावशी, काहीतरी टाकावंच लागेल. फॉर्मच तसा आहे, आम्ही तरी काय करणार?" त्यांनी शून्य टाकले. पुढे तो अर्ज परत आला, कारण शून्य उत्पन्नाचा दाखला कोणी देत नाही. त्या वर्षी मदत मिळाली नाही. आईने बचतगटातून पैसे उचलून माझी फी भरली. येताना एस.टी.त ती एवढेच म्हणाली, "घर मी चालवते, आणि त्याला माझं नाव चालत नाही होय?"

'फॉर्मच तसा आहे' हे वाक्य तेव्हा मला पावसापाण्यासारखे वाटले होते. म्हणजे ते कुणी केलेले नसते, आपोआप असते. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात संगणकाचा एक छोटा अभ्यासक्रम निघाला आणि त्यात कला शाखेच्या मुलांनाही घेतले. तिथे पीएचपी शिकताना त्या वाक्याचा उलगडा झाला. आज मी जे मत मांडणार आहे त्याचे मूळ त्या उलगड्यात आहे.

पीएचपी ही संकेतस्थळे तयार करण्याची भाषा. रासमस लेरडॉर्फ या गृहस्थाने १९९४ साली, आपला बायोडाटा इंटरनेटवर कितीजण पाहतात हे कळावे म्हणून, काही लहान साधने लिहिली आणि १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. त्यांच्या पुढच्या रूपाला पीएचपी-एफआय म्हणत. त्यातील एफआय म्हणजे 'फॉर्म्स इंटरप्रिटर', अर्थात फॉर्मचा अर्थ लावणारा! या भाषेच्या बालपणीच्या नावातच फॉर्म आहे. पुढे प्रत्येकाने सगळे पहिल्यापासून लिहू नये म्हणून तयार सांगाडे निघाले. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. सिम्फनी आणि केकपीएचपी २००५ सालचे, लॅराव्हेल २०११ सालचे. घर बांधताना दारे-खिडक्या सुताराकडून तयार आणाव्यात, तसाच हा प्रकार आहे.

आता या तयार खिडक्यांची गंमत पाहा. माहिती साठवण्यासाठी प्रोग्रामर प्रत्येक रकान्याला आतले एक इंग्रजी नाव देतो. ते त्याच्या सोयीचे असते; वाचणाऱ्यासाठी नसते. सिम्फनीत किंवा केकपीएचपीत रकान्यावरचे लेबल, म्हणजे मथळा, दिला नाही, तर फ्रेमवर्क त्या आतल्या नावावरूनच मथळा बनवतो. जोडून लिहिलेले शब्द सुटे करतो, पहिले अक्षर मोठे करतो आणि देतो लावून. लॅराव्हेलमध्ये मथळा हाताने लिहावा लागतो; पण चुकीची सूचना मात्र तयार असते. 'द अमुक फील्ड इज रिक्वायर्ड' या साच्यात 'अमुक'च्या जागी आतले नाव जाऊन बसते. आईने आणि मी पाहिलेला फॉर्म कशात बनवला होता ते अलाहिदा. पण प्रयोगशाळेत मी माझा पहिला फॉर्म केला, रकाना मोकळा सोडला, आणि पडद्यावर त्याच घाटाचे वाक्य उमटले. मी थक्क झाले. ते वाक्य कुणी लिहिलेलेच नव्हते! ज्या वाक्याने आम्हाला परत पाठवले, ते उच्चारणारे तोंडच नव्हते.

त्याहून मोठा धक्का पुढे होता. सिम्फनीत फॉर्मचा कोणताही रकाना, 'हा ऐच्छिक आहे' असे सांगितल्याखेरीज, सक्तीचा धरला जातो आणि ब्राउझर तो रिकामा सोडू देत नाही. सर्व्हरवरची तपासणी वेगळी लिहावी लागते. परंतु दारावरची सक्ती मात्र आपोआप लागते. म्हणजे काही सक्ती अशा असतात की त्या कोणी ठरवलेल्या नसतात. फक्त त्या काढायच्या असतात हे कोणाला सुचलेले नसते.

मग हे बदलायला किती कष्ट पडतात? हाच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. कष्ट जवळजवळ नाहीत. सिम्फनीत रकान्यापुढे 'लेबल' म्हणून हवे ते शब्द लिहायचे. खाली खुलासा हवा तर 'हेल्प' म्हणून एक ओळ द्यायची. सक्ती नको तर 'रिक्वायर्ड'पुढे 'फॉल्स' लिहायचे. कोडइग्नायटरमध्ये तपासणीचा नियम लिहितानाच रकान्याचे माणसाला कळेल असे नाव सांगता येते. यी नावाच्या फ्रेमवर्कमध्ये सगळी लेबले एकाच ठिकाणी यादीसारखी लिहून ठेवतात. लॅराव्हेलमध्ये प्रत्येक भाषेची वेगळी फाइल ठेवता येते, आणि तिच्यात आतल्या नावासमोर मराठी शब्द लिहिला की सूचना मराठीत येते. मराठी शब्द सापडला नाही तर ठरवून दिलेल्या पर्यायी भाषेतला, बहुधा इंग्रजीतला, शब्द दाखवण्याची सोयही त्यात आहे. काही फॉर्म अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी का दिसतात, याचे एक कारण हे आहे. ती फाइल कोणीतरी अर्ध्यावर सोडून घरी गेलेले असते.

तात्पर्य, 'फॉर्मच तसा आहे' हे खरे नाही. फॉर्म तसा ठेवलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, लेबल बदलणे ही नुसती रंगरंगोटी झाली; आतला रकाना तोच राहिला तर काय उपयोग? हा आक्षेप मला मान्य आहे. 'वडिलांचे उत्पन्न' खोडून सुंदर मराठीत 'पित्याचे वार्षिक उत्पन्न' लिहिल्याने आमचा प्रश्न सुटला नसता. तिथे नियमच बदलायला हवा होता. तोही अवघड नाही. लॅराव्हेलमध्ये 'हा रकाना भरला नसेल तरच तो सक्तीचा' असा नियम तयार आहे. वडिलांचे नाव नसेल तर आईचे द्या, असे यंत्राला एका ओळीत सांगता येते. परंतु नियम बदलण्याची बुद्धी केव्हा होते? रकान्याला नाव देताना कोणीतरी थांबून विचारले, की 'हे कोणाला विचारतो आहोत?', तरच. म्हणून लेबल हा शेवटचा रंग नसून पहिला प्रश्न आहे, असे मला वाटते.

याचा पुरावा आपल्या राज्यातच आहे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवले की १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदपत्रांत आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहावे. निर्णय स्वागतार्ह आहे; माझ्या आईला तो ऐकून बरे वाटले. पण 'फर्स्ट, मिडल, लास्ट' अशा तीन चौकोनांच्या फॉर्मात चार नावे कशी बसावीत? तिथे चौथा चौकोन काढावाच लागतो. तसेच १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. ज्या फॉर्मात 'पुरुष' आणि 'स्त्री' अशी दोनच वर्तुळे आहेत, त्या फॉर्मापर्यंत तो निकाल अजून पोहोचला नाही असेच म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप असा की, कार्यालयीन शब्द कायद्याचे असतात, ते कोणी मनाने बदलू नयेत. ठीक आहे. पण खाली खुलाशाची एक ओळ देण्यास कोणता कायदा आड येतो? याबाबतीत माझाच अनुभव सांगते. सरावासाठी मी एक प्रवेशअर्ज तयार केला. 'वडिलांचे नाव' काढून मी मोठ्या अभिमानाने 'पालकाचे नाव' असे लिहिले आणि घरी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "पालक म्हणजे बापच ना?" माझा अभिमान जागच्या जागी उतरला. मग मी त्याखाली एक ओळ घातली, 'तुमचा सांभाळ जे करतात त्यांचे नाव. आई, वडील, आजी, कोणीही.' आई म्हणाली, "आता कळलं." संगणकाच्या कोणत्याही पुस्तकात नसलेला हा धडा मला चौथी शिकलेल्या बाईने दिला.

इथेच आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा संबंध येतो. संगणक म्हणजे विज्ञानवाल्यांचे काम, आपण आपले निबंध लिहावेत, अशी आपली समजूत आहे. वास्तविक 'लास्ट नेम'ला 'शेवटचे नाव' म्हणायचे की 'आडनाव', 'सबमिट'ला 'प्रस्तुत करा' म्हणायचे की 'पाठवा', हे प्रश्न भाषेचे आहेत. प्रोग्रामरला ते सुटत नाहीत यात त्याचा दोष नाही. त्याच्या शेजारी बसून ते सोडवणारे कोणी नसते. अंध विद्यार्थ्याचा विचार करा. त्याच्यासाठी पडदा वाचणारे सॉफ्टवेअर चौकोनाशी नीट जोडलेले लेबल मोठ्याने उच्चारते. त्याला चौकोन दिसत नाही. त्याच्यापुरता तो शब्द म्हणजेच रकाना. तो शब्द चुकला की त्याचे दार चुकले.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जापासून सुरुवात करावी. त्यातील सर्व लेबले आणि सर्व चुकीच्या सूचना एका कागदावर उतरवाव्यात. मराठी विभागाच्या मुलांनी ती आपापल्या घरी मोठ्याने वाचून दाखवावीत, आणि जिथे घरचे माणूस "म्हणजे काय?" असे विचारील तिथे खूण करावी. प्रत्येक सक्तीच्या रकान्यापुढे 'ही सक्ती कोणी आणि कशासाठी केली?' असे लिहावे. ज्याला उत्तर मिळणार नाही, ती सक्ती काढावी. मग तो कागद संगणक विभागाकडे द्यावा. पुढचे काम एका दुपारचे आहे, हे मी अनुभवाने सांगते.

माझ्या घरात महाविद्यालयाचा फॉर्म भरणारी मी पहिली. माझ्यामागून येणाऱ्या मुलींनी तो भरताना शून्य टाकू नये, एवढीच माझी इच्छा आहे. आणि त्यांना कोणी "फॉर्मच तसा आहे" असे सांगितले, तर त्यांनी नम्रपणे पण ठामपणे विचारावे, "दादा, तो तसा कोणी ठेवला?"