आईचा जलप्रवास

लांबच्या प्रवासाचा बेत घरांत निघाला म्हणजे कोणाकोणास न्यावयाचें याची यादी होते, आणि कोणास मागें ठेवावयाचें हें न बोलतांच ठरून जातें. घर राखावयास वडील माणूस हवेंच, असें म्हणून आपण आईस ठेवतों. आणि ‘तिला आतां दगदग सोसवत नाहीं’ हें वाक्य तिच्या वतीनें आपणच बोलून टाकतों. या नियमास एक मोठा अपवाद मला इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत सांपडला. तो आज वाचकांपुढें ठेवतों.

‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीचा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा जन्माचा रोगी. छातीच्या विकारानें त्यास वारंवार अंथरूण धरावें लागे. १८८७ च्या मे महिन्यांत त्याचे वडील, स्कॉटलंडांतील प्रसिद्ध दीपगृह-स्थापत्यज्ञ, वारले. त्याच वर्षीं आई, पत्नी व सावत्र मुलगा यांस घेऊन तो अमेरिकेस गेला. आणि पुढील वर्षीं, समुद्राची हवा मानवली तर मानवली, या आशेनें वडिलांच्या वारशांतील मोठी रक्कम त्यानें एका शिडाच्या गलबतावर लावली.

‘कॅस्को’ हें तें गलबत दोन डोलकाठ्यांचें, सुमारें ९५ फूट लांब. २८ जून १८८८ रोजीं तें सॅन फ्रान्सिस्कोहून निघालें. त्यावर स्टीव्हन्सन, त्याची पत्नी फॅनी, वीस वर्षांचा लॉइड, एक दासी आणि स्टीव्हन्सनची आई मार्गारेट एवढीं माणसें होतीं. आईचें वय ५९; वैधव्य येऊन वर्ष झालेलें. सून परदेशची, घटस्फोटिता, मुलाहून दहा वर्षांनीं मोठी. सासूसुनांस इतक्या अरुंद जागेंत कित्येक महिने काढावयाचे होते! विशेष हें कीं, समुद्र लागला तो सुनेस. सासूबाई विधवेची पांढरी टोपी घालून हिंडतफिरत असत व बहिणीस नियमानें पत्रें लिहीत.

जुलैमध्यें मार्केसस द्वीपसमूहांतील नुकु हिवा बेट दिसलें. तेथून हिवा ओआ, मग फाकारावा. हें शेवटचें बेट म्हणजे पोंवळ्यांचें ठेंगणें कडें, बाहेर महासागर व आंत शांत सरोवर. त्यानंतर ताहिती. तेथें स्टीव्हन्सन पुन्हा आजारी पडला. तौतिरा नांवाच्या गांवीं मोए या राजकुलांतील स्त्रीनें नारळाच्या रसांत व लिंबांत मुरविलेलें अन्न भरवून त्यास उभें केलें. नारळ व लिंबू आपल्या वाचकांस रुचतील. तिसरा जिन्नस कच्चा मासा होता, हें मात्र सांगितलें पाहिजे.

याच गांवीं आईनें तेथील बायकांस गलबतावर मेजवानीस बोलाविलें. त्यांतील एका वृद्धेनें रीतीप्रमाणें प्रार्थना केली कीं, या गलबतांत कांहीं दोष असेल तर तो वेळींच कळून यावा. पाहुण्या गेल्यावर कप्तानानें डोलकाठ्या तपासल्या, तों मोठ्या काठीचा शेंडा आंतून कुजलेला निघाला! जिच्या भरंवशावर त्यांनीं वादळें काढलीं ती लाकडाची भुकटी होती. दैव म्हणा, योगायोग म्हणा. पण आईनें पानें मांडलीं नसतीं तर ती प्रार्थना तेथें झाली नसती.

गलबत दुरुस्तीसाठीं पापीते बंदरास गेलें आणि कुटुंब तौतिरास अडकलें. आठवडे लोटले, शिधा संपला, पैसाही संपत आला. तेव्हां ज्याच्या घरीं तीं उतरलीं होतीं तो ओरी नांवाचा नायक म्हणाला कीं, माझें तें सर्व तुमचें. त्यानें व स्टीव्हन्सननें परस्परांचीं नांवें धारण केलीं होतीं, म्हणजे तेथील रीतीनें ते भाऊ झाले होते. पुढें तो स्वतः होडी घेऊन खवळलेल्या समुद्रांतून पापीतेस गेला व बातमी आणि सामान घेऊन आला. नाताळच्या दिवशीं गलबत पुन्हा निघालें आणि २४ जानेवारी १८८९ रोजीं होनोलुलूस पोंचलें. तोंपर्यंत तें बुडालें असावें असा तेथील आप्तांनीं धसका घेतला होता.

या सफरीकडे मागें वळून पाहणारीं दोन पुस्तकें आहेत. मुलाचें ‘इन द साउथ सीज’ १८९६ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपानें निघालें. त्यांत बेटांवरील चालीरीति, तसेंच देवी व क्षय यांनीं ओस पडलेलीं गांवें यांचा गंभीर विचार आहे. इतका कीं, तें रूक्ष होईल अशी चिंता फॅनीस वाटे. आईचीं पत्रें १९०३ मध्यें निघालीं. त्यांत कोण भेटावयास आलें, काय खाल्लें, कोणी काय भेट दिली हें आहे. मला दोन्ही हवींशीं वाटतात. परंतु घर पुन्हा उभें राहतें तें आईच्या पत्रांत.

मार्गारेटबाई १८८९ मध्यें स्कॉटलंडास परतल्या, पण पुढें सामोआ बेटांत मुलाच्या घरीं राहावयास आल्या. ३ डिसेंबर १८९४ रोजीं ४४ व्या वर्षीं मुलगा गेला, तेव्हां त्या त्याच घरांत होत्या. ‘मला दगदग सोसवणार नाहीं’ म्हणून त्या १८८७ सालीं मागें राहत्या, तर मुलाचीं शेवटचीं वर्षें त्यांनीं केवळ टपालांतून पाहिलीं असतीं.

आतां आपल्याच घरचें सांगतों. माझी आई हर्णैजवळची. समोर पाण्यांत सुवर्णदुर्ग. जन्मभर पाहिलेला, पण पाय न लागलेला. एकदां ती म्हणाली, “एकदां आंत काय आहे तें बघायचं होतं रे.” मी म्हटलें, “होडीनें तुला चक्कर येईल. पुढल्या उन्हाळ्यांत बघूं.” तिनें पुन्हा विचारलें नाहीं, आणि मींही काढलें नाहीं. गेल्या वर्षीं नातवंडांस घेऊन मी होडीनें तेथें गेलों. किनारा सुटला न सुटला तोंच किल्ला आला. एवढेंच तें अंतर होतें.

वाचकहो, पुढच्या बेताच्या वेळीं आईस एकदां विचारा. ती ‘नको’ म्हणेलही. पण तें तिला म्हणूं द्या.